पाणी नितळ दिसलं की झालं?

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

रंगकारखान्यांच्या सांडपाण्यावर मर्यादा घालणाऱ्या मसुद्यावर आपण हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. माझी हरकत एकच, पण मुळावरची आहे: मर्यादा लिटरमागे ठरवलेली आहे.

मी २२ वर्षं एका डाईंग युनिटच्या लॅबमध्ये शेड जुळवल्या. नमुना घ्यायला माणूस यायचा त्या दिवशी काय व्हायचं, ते सांगतो. बोअरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. शेवटच्या टाकीतलं जांभळं पाणी बघता बघता गुलाबी व्हायचं, मग नुसती झाक उरायची. बाटली भरली की व्हॉल्व्ह बंद. लिटरमागचा आकडा पास! नदीत गेलेला रंग ग्रॅमभरही कमी झालेला नसायचा, वर चांगलं पाणी वाया. तो व्हॉल्व्ह मीही फिरवलाय, साळसूदपणाचा आव आणत नाही.

म्हणून मर्यादा किलोत घाला: एक टन कापड रंगवताना बाहेर किती किलो रंग, किती मीठ, किती सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) गेला. रंग किती घेतला, मीठ किती घेतलं, कापड किती निघालं, हे कारखान्याच्या बिलांवर असतंच. त्याला पाण्याचं मीटर जोडलं की पातळ करण्याचा डाव आपोआप उघडा पडतो. आणि हो, नमुने रात्रीही घ्या.

दुसरी गोष्ट मिठाची. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी बांधले जातात तसे पाण्याशीही. पाण्याशी जुळलेला रंग मग कापडाला धरत नाही, धुण्यात निघून जातो. साधारण १० ते ४० टक्के रंग असा गटारात जातो. तो कापडाकडे ढकलायला गडद शेडला लिटरमागे ५० ग्रॅम किंवा जास्तही मीठ टाकतात, आणि ते जवळपास सगळंच बाहेर येतं. ईटीपीतले (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधले) जिवाणू मीठ खात नाहीत. ते काढायला आरओ (पडद्यातून दाबाने पाणी गाळणं) आणि पुढे बाष्पीभवन लागतं, म्हणजे विजेचा खर्च आणि शेवटी सुक्या मिठाचे ढीग. तमिळनाडूत तिरुपूरजवळ नोय्यल नदीवर ओरतुपालयम धरण शेतीसाठी बांधलं आणि त्यात डाईंगचं खारं पाणी साठलं. शेतकरी कोर्टात गेले. अखेर २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली डाईंग युनिटं बंद करायला लावली. रंग दिसतो म्हणून ओरड होते. मीठ पिकं करपल्यावर कळतं.

क्लोरीन मारून रंग उडवणाऱ्यांनाही मसुद्यात मोकळं रान आहे. अझो रंगाचा (ज्याच्या रेणूत नायट्रोजन-नायट्रोजन असा बंध असतो) तो बंध तुटला की पाणी नितळ दिसतं, पण तुकडे पाण्यातच राहतात. जिवाणूंनी हवेविना हा बंध तोडला तर ॲरोमॅटिक अमाइन्स (रंगाच्या रेणूचे तुकडे) उरतात आणि त्यांतली काही कॅन्सरकारक आहेत. पुढे हवेच्या टाकीत त्यांचं विघटन झालं नाही, तर काम अर्धवटच. अशा अमाइन्सना युरोपीय संघाने २००२ मध्येच तयार कापडात किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती अंगावर कपडा घालणाऱ्यासाठी होती. नदीतून पाणी उचलणाऱ्यासाठी मसुद्यात अमाइन्सचा साधा उल्लेखही नाही.

छोट्या युनिटांना एकट्याने आरओ परवडत नाही, हे खरं आहे. त्यांच्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र हवंच, पण तिथली फी पाण्याच्या घनमीटरवर लावू नका, त्यातल्या रंग-मिठाच्या किलोंवर लावा. नाहीतर साध्या धुण्याचं पाणी आणि रंगाचा पहिला गडद निचरा एकाच भावात जातात, मग निचरा वेगळा कोण ठेवेल?

सुनावणी नदीच्या खालच्या अंगाला ठेवा, मंत्रालयात नको. माझ्याकडे लॅबच्या जुन्या वह्या आहेत. प्रत्येक शेडला किती रंग, किती मीठ, किती वेळा धुतलं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. बोलावलंत तर घेऊन येईन.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शेड मॅचर