पलंगाखालचे ठोकळे

उट्रेख्ट

तीर्थरूप आई-बाबांस सा. नमस्कार.

बाळंतपणाला येता आले नाही हे आईने फार मनाला लावून घेतले आहे, असे बाबा फोनवर म्हणाले, म्हणून बाळी निजल्यावर सविस्तर लिहायला बसले आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच महिन्यांत तिने एवढा प्रवास केलेला मलाच चालला नसता.

नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या शुश्रूषेसाठी प्रशिक्षित बाई घरी येते. पहिल्या आठ-दहा दिवसांत मिळून किमान 24 आणि कमाल 80 तास. खर्च मूळ आरोग्यविम्यातून होतो, तासामागे थोडी रक्कम तेवढी आपण भरायची. ती येण्याआधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो सुमारे 80 सेंटिमीटर उंच करावा लागतो, वाकून वाकून तिची कंबर धरू नये म्हणून. आजीच्या बाजेखाली शेगडी असे, माझ्या पलंगाखाली ठोकळे आहेत, आणि वर चढायला मला स्टूल लागते.

रोज सकाळी ती ताप नि नाडी बघते, टाके तपासते, पोट चाचपून गर्भाशय कुठवर उतरले ते पाहते आणि अंगावरून किती जाते हे आडपडदा न ठेवता विचारते. प्रसूतीनंतर किलोभर असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते, तेव्हा आपला सव्वा महिना कोणी उगीच ठरवलेला नाही. चौथ्या दिवशी दूध दाटून छाती दगडासारखी झाली आणि मी रडू लागले, तेव्हा उपदेश न करता तिने बाळीला माझ्या काखेखाली आडवे धरायला लावले. तासाभरात हलके वाटले.

इथे बाळ झाले की पाहुण्यांना लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेसारख्या दाण्यांचा थर देऊन खाऊ घालतात, मुलगी असली तर गुलाबी-पांढरा. त्या दाण्यांनी दूध वाढते हा समज जुना आहे. आईने पाठवलेली बाळंतशोपांची पुडी मी बाईंना हुंगायला दिली, तर त्यांना लगेच ओळख पटली.

बाळंतिणीला पाणी बेताने द्यायची आपली रीत मात्र मी मोडली आहे, आईने रागावू नये; पाजायला बसले की ग्लास हाती येतोच. बंद खोलीत निखाऱ्यांची धुरीही घेणार नाही. पण पाठीला तेल चोळणारे कोणी नाही, आणि दहाव्या दिवसानंतर ही बाईही येणार नाही. आपल्या सव्वा महिन्याच्या मानाने ही व्यवस्था तोकडीच.

वाटीभर अळीव किती नारळाच्या पाण्यात भिजवायचे आणि गूळ किती घालायचा, ते आईने सांगावे व बाबांनी लिहून पाठवावे. 'अंदाजाने' असे लिहू नये.

तुमची,
सोनू