रेगाटाआधी पोरांना लाटा तरी दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सेलिंगच्या रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यती, सुरू झाल्या की पेपरात फोटो येतात, पांढरी शिडं, मागे गेटवे, भारी वाटतं बघायला. पण त्या फोटोतलं पाणी नीट बघा, जवळजवळ सपाट असतं, आणि माझं जे काय म्हणणं आहे ते त्या सपाट पाण्याबद्दलच आहे. आपल्याकडची बरीच पोरं खडकवासला, हैदराबादचं हुसेनसागर, भोपाळचा बडा तालाब असल्या ठिकाणी शिकतात आणि रेगाटा समुद्रात असली की आदल्या दिवशी ट्रेनने येऊन, भाड्याची बोट ताब्यात घेऊन डायरेक्ट स्टार्ट लाइनवर. मुंबईच्या पोरांचंही फार वेगळं नाही हं, कारण हार्बर पडतं कुलाब्याच्या आडोशाला, दुपारचा वायव्येचा वारा जमिनीवरून येतो, लाटेला मोठं व्हायला जागाच मिळत नाही, मग पोरांच्या वाट्याला येतो तो मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागचा खळखळाट.

उघड्या समुद्रातल्या लाटेत हे सगळं बदलतं. ऑप्टिमिस्ट म्हणजे २.३ मीटरची, ३५ किलोची बोट, त्यात एकटं पोरगं. वाऱ्याच्या दिशेने वर जायचं असेल तर लाट चढताना नाक जरासं वाऱ्याकडे घ्यायचं, माथ्यावर आलं की अंग मागे टाकायचं आणि नाक वाऱ्यापासून जरा दूर सोडायचं, ते जमलं नाही तर बोट पुढच्या लाटेवर धाडकन आपटते आणि तिथेच थांबते, वर पाणी आत भरतं ते वेगळंच, मग एका हातात मेनशीट (शीड ओढायची दोरी) आणि टिलर (सुकाणूचा दांडा) आणि दुसऱ्या हाताने कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने उपसत बसायचं. हे फळ्यावर काढून दाखवलं तरी कळत नाही, लाटेमागून लाट अंगावर घेतली की हाताला आपोआप कळायला लागतं.

डाउनविंडला, म्हणजे वारा पाठीशी घेऊन जाताना, तर तलावातल्या पोराची जास्तच पंचाईत होते. लाटेवर बोट घसरवायची, म्हणजे सर्फ करायची, तर शीट एकदा जोरात ओढून बोट लाटेवर बसवायला शर्यतीचा नियम ४२ परवानगी देतो, पण एका लाटेला एकदाच. ज्याने लाटच पाहिली नाही त्याचा टाइमिंग चुकणार, लाट निघून गेल्यावर ओढणार, मग घाबरून परत ओढणार, की आला जजचा पिवळा झेंडा आणि शिट्टी, मारा दोन गिरक्या, तोवर अर्धा ताफा पुढे.

आता कोणी म्हणेल, तलावातून मेडल येतातच की. येतात ना, भोपाळला शिकलेल्या हर्षिता तोमरने २०१८ ला जकार्ता एशियाडमध्ये ब्राँझ आणलं, नेहा ठाकूरने हांगझोऊला सिल्व्हर. हलक्या वाऱ्याची झुळूक टिपायची तर तलावच बरा, ते मी मान्य करतो. माझा मुद्दा कुठे शिकायचं हा नाहीच, रेगाटाच्या आधीच्या आठवड्यात काय करायचं हा आहे. चेन्नईची नेत्रा कुमानन, ऑलिंपिक सेलिंगला क्वालिफाय झालेली आपली पहिली मुलगी, तिच्या घरचं पाणी बंगालच्या उपसागराचं, तरी टोकियोच्या आधी ती स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर अटलांटिकच्या लाटांत सराव करत होती, कारण रेस होत्या एनोशिमाला, पॅसिफिककडे तोंड असलेल्या खाडीत. तिला एवढी तयारी लागते तर आपल्या बारा वर्षांच्या पोराने एक दुपार तरी मागू नये का?

आणि मागितली तर काय होतं तेही सांगतो. मागे एका रेगाटाला आम्ही काही पालकांनी विचारलं की पोरांना दोन दिवस आधी बाहेर नेता येईल का, उत्तर आलं, रेस्क्यू बोट रेगाटापुरतीच आहे. आता रेस्क्यू बोटीशिवाय पोरांना कुलाब्याच्या टोकाच्या प्रॉन्ग्स दीपगृहाच्या पलीकडे सोडा असं कोणीच शहाणा माणूस म्हणणार नाही, मीही नाही. पण मग कोळीवाड्यातल्या नाखवाला डिझेल आणि दिवसाची मजुरी देऊन त्याची बोट सोबत का घेत नाहीत? डोल जाळी कुठे लावलीयेत, ओहोटी कुठे जोरात खेचते, उधाणाला काय होतं आणि भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) काय, हे त्याला कुठल्याही कोचपेक्षा जास्त माहीत असतं, आणि जाळ्यात डॅगरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) अडकला तर जाळं न फाडता कसा सोडवायचा हेही. खर्च सगळ्या पालकांत वाटला तर फार होत नाही, पोरांच्या लाइफ जॅकेटवर आम्ही त्याहून जास्त घालतो.

तर आयोजकांना विनंती एवढीच की रेगाटाची नोटीस काढतानाच आधीचे दोन दिवस सरावाचे म्हणून लिहा, सोबतीची बोट आणि वॉकीटॉकी त्या दोन दिवसांसाठीही धरा आणि एन्ट्री फीमध्ये काय वाढवायचे ते वाढवा. एप्रिल-मेमध्ये पावसाआधीचा मोठा स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) यायला लागतो तेव्हा तर नक्कीच, आणि ज्या दिवशी वारा जास्त असेल त्या दिवशी कोचने नाही म्हटलं तर कुठलाही पालक हुज्जत घालणार नाही, याची जबाबदारी आम्ही घेतो, लिहून द्यायलाही तयार आहोत.

– एक पालक, कुलाबा