शहाळेवाल्या मामांना, त्या पगसाठी

मामा, सप्रेम नमस्कार.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत रोज कुत्री फिरवणारे आम्ही सगळे मिळून हे लिहितोय. गेल्या एप्रिलमध्ये सकाळी साडेदहाच्या उन्हात तुमच्या गाडीसमोर तो पग कोसळला, तेव्हा त्याच्या मालकाने आधी टॅक्सीला हात केला. "आधी पाणी, मग टॅक्सी," असं म्हणून तुम्ही त्यांना थांबवलंत, म्हणून तो कुत्रा आज आहे. मनापासून आभार.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी सगळ्यांनाच इजा व्हायला लागते, आणि सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीत ते आपोआप उतरत नाही. तुम्ही ड्रममधलं साधं पाणी तांब्या तांब्याने मानेवर, पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहिलात आणि शेजारच्या पोराला पुठ्ठ्याने वारा घालायला लावलंत. तो वारा फार महत्त्वाचा. अंगावरचं पाणी उडालं की अंग लवकर निवतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते वाऱ्याशिवाय सहज उडत नाही.

कुणीतरी ओला टॉवेल पांघरायला दिला, तो तुम्ही अंगाखाली सरकवलात. अंगावर पडून राहिलेला टॉवेल थोड्या वेळात तापतो आणि उष्णता आतच कोंडून ठेवतो. तोंडात पाणीही ओतू दिलं नाहीत. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जाऊ शकतं. पग मान उचलून बघायला लागला, मग त्याला टॅक्सीत घातलंत आणि "बरा दिसला तरी डॉक्टरकडे न्याच," असं बजावलंत. उष्माघातानंतर मूत्रपिंडाचा किंवा रक्त गोठण्याचा बिघाड एक ते तीन दिवसांनीही उघड होतो, त्यामुळे हे सांगणं अगदी योग्य होतं.

पग, शिह त्झू, बुलडॉग यांचं नाक चपटं, श्वासमार्ग अरुंद. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि यांना तेच नीट जमत नाही. मार्च ते मे त्यांना सकाळी सातच्या आत आणि रात्रीच बाहेर काढावं. तोंड घट्ट बांधणारं कापडी मझल उन्हात कुठल्याच कुत्र्याला नको. लाळ घट्ट झाली, हिरड्या विटेसारख्या लाल दिसल्या, चाल लडखडली, की फिरणं तिथेच थांबवायचं. हस्की हा थंड प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा मुंबईत पाळूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पण असलाच, तर त्याचे केस भादरू नका. आतली लव विंचरून काढा, वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो.

आणि कुत्र्यांच्या पाण्याची तुमची ती सिमेंटची कुंडी! स्टीलचं भांडं तापतं, प्लॅस्टिकचं लवंडतं. ही जड कुंडी छत्रीच्या सावलीत जागची हलत नाही. रोज सकाळी तुम्ही ती पूर्ण पालथी करता, नारळाच्या शेंडीने आतला बुळबुळीत थर खरवडता आणि मगच ताजं पाणी भरता. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर आठवड्याभरात डासांची पैदास होते, मग सोसायट्या तक्रार करतात आणि कुंडीच उचलली जाते. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. आमच्या सांगण्यापेक्षा लोक तुमचं जास्त ऐकतात, हेही खरं.

यंदा मार्चपासून कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आम्ही आणखी एक कुंडी ठेवतोय. ती घासायची पाळी आमची. कुंड्यांना लागणारं पाणीही आम्हीच आणून देऊ, तुमच्या ड्रममधलं वापरू नका. तुमच्या छत्रीची एक काडी मोडलीय, ती या रविवारी बदलून देतो.

तुमचीच,
कट्ट्यावरची कुत्रेवाली मंडळी