जीवाणू टाका, पण नाल्यात नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावरची कालची बातमी वाचली. पोत्यांतली जीवाणूंची भुकटी नाल्यात ओतायची, जीवाणू जड धातू ‘फस्त’ करणार आणि शहापूर-वडगावच्या शिवाराला निर्मळ पाणी मिळणार! क्रोमियम, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत. ती कुणाच्याही पोटात गेली तरी नाहीशी होत नाहीत. जीवाणू त्यांचे फक्त रूप पालटतात. हेक्साव्हॅलंट (विरघळणाऱ्या, फार विषारी) क्रोमियमचे ट्रायव्हॅलंट (फारसे न विरघळणारे, कमी विषारी) होऊन ते गाळात बसते. जस्त, शिसे, कॅडमियम सल्फाइड होऊन तळाशी जातात.

पाण्यातल्या सल्फेटचे सल्फाइड करणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू चालत नाही. पावसाळ्यात काठ सोडून शेतात शिरणाऱ्या नाल्यात ते टिकणार कसे? त्यांची जागा कारखान्याच्या आवारातल्या झाकणबंद टाकीत. उद्यमबागेची औद्योगिक वसाहत असो की मच्छेची, प्लेटिंगचे (धातूच्या मुलाम्याचे) धुवणपाणी वेगळे काढावे. मुलाम्याच्या टाकीतले क्रोमिक आम्लाचे मूळ द्रावण, म्हणजे बाथ (लिटरला 250 ग्रॅमच्या आसपास), त्यात गेला तर जीवाणू मेलेच म्हणून समजा. सायनाइडही आधीच नष्ट करावे लागते. मग सामू (पीएच) 7 ते 8 वर आणायचा. खाद्य म्हणून मळी चालते आणि आपल्या जिल्ह्यात तिला तोटा नाही! 1 ग्रॅम सल्फेटमागे निदान 0.67 ग्रॅम सीओडी (पाण्यातले सेंद्रिय खाद्य मोजायचे माप) हवा. कमी पडला तर काम अडते, फार झाला तर तेच नवे प्रदूषण. सामू घसरला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो जीव घेतो. नेदरलँड्समध्ये बुडेलच्या जस्त कारखान्यात 1992 पासून हे चालले आहे, तेही बंद रिअ‍ॅक्टरमध्ये.

गाळाचे काय, हे बातमीत नाहीच. तो घातक कचरा आहे. नाला उपसून काठावर ढीग लावले की हवा लागून सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते आणि पहिल्या वळवात धातू परत पाण्यात उतरतात.

‘पाणी नितळ झाले’ हा पुरावा कसला? नितळ पाण्याचा नमुना आम्ल करून डायफेनिलकार्बाझाइड घातले की हेक्साव्हॅलंट क्रोमियम असल्यास तो जांभळा होतो. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. ती डोळ्यांनी मोजता येत नाही. प्रयोगशाळेचा आकडा छापा.

आणि हो, बातमीसोबतचे छायाचित्र मार्कंडेय नदीचे आहे. फोटोग्राफरला वडगावपर्यंत तरी पाठवायचे होते.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव