गुडघा दुखला की आधी मालीश, एक्स-रे शेवटी

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या सांगलीकडं तालमीतल्या पोराचा पाय दुखला की लचकला असेल म्हणून मालीश, मग लेप, मग हाडवैद्य, यातच महिने जातात. बहुतेक वेळा मुकामारच असतो ते मान्य, पण कधीकधी हाडात गाठ निघते. माझ्या भाच्याची मांडी दिवसा ठीक, रात्री ठणकायची, आयबुप्रोफेनची गोळी घेतली की झोपायचा, म्हणून सगळे म्हणायचे वाढीचं दुखणं. निघाला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, कॅन्सर नाही, दोन सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ, एक्स-रेत नीट दिसली नाही, सीटी स्कॅनमध्ये सापडली आणि सुई घालून जाळली. पण ऑस्टिओसार्कोमा म्हणजे कॅन्सरच, तो जास्त करून १० ते २० वयात, गुडघ्याच्या आसपास होतो, तिथं पैलवानाच्या अंगठ्यानं रगडून काय होणार? एकाच जागी दुखतंय, रात्री जाग येतेय, सूज हाताला लागतेय तर तेलाची बाटली ठेवा बाजूला अन् मिरज गाठा, एवढी हॉस्पिटलं उशाला असून आपण उशीर करतो राव. तालमीच्या वस्तादांपर्यंत आणि पीटीच्या सरांपर्यंत हे पोचेल असं काहीतरी आपल्या पेपरात छापा.

– एक वाचक, सांगली