डोंगरातला वारा आणि उघडं राहिलेलं दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खोल खाणींवरचा लेख आवडला. सुरुंग, लिफ्ट, पंप सगळं आलं. हवेची बोळवण मात्र एका ओळीत झाली. धातूच्या खाणीत मिथेन या स्फोटक वायूची भीती फारशी नसते, म्हणून वायुवीजन सोपं, असा लेखकाचा सूर आहे. याच कामात उमेदीची वर्षं गेलेली असल्याने राहवलं नाही.

मिथेन नसेल, पण सुरुंगानंतरचे विषारी वायू असतात, डिझेल गाड्यांचा धूर असतो, फुफ्फुसात कायमची बसणारी सिलिकाची धूळ असते. शिवाय उष्मा. दर किलोमीटरला खडक साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जातो. वरून सोडलेली हवासुद्धा खाली जाताना दाबली जाऊन दर १०० मीटरला जवळपास एक अंश चढते. गारवा द्यायला पाठवलेली हवाच तापून पोचते!

डोंगरात एक फसवी सोय असते. खाणीचं एक तोंड पायथ्याशी, दुसरं वर. हिवाळ्यात आतली उबदार हवा धुराड्यासारखी वरून निघते आणि गार हवा खालून आत येते. उन्हाळ्यात नेमकं उलट. ऋतू पालटताना आत-बाहेर सारखंच तापमान झालं की वारा थबकतो. त्याच्यावर विसंबायचं कसं? म्हणून पंखे लागतातच. 'मोठा पंखा बसवा' म्हणणंही सोपं आहे. त्याच वाटांतून दुप्पट हवा हवी असेल, तर वीज आठपट लागते.

खरी गोम दारांत असते. ताजी आणि वापरलेली हवा वेगळी ठेवायला जोडीने दारं बसवतात. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हवेचा दाब एवढा, की दार खांद्याने रेटावं लागतं. मग गाड्यांच्या घाईत कुणीतरी कंटाळून दोन्हीखाली लाकडाचे ठोकळे सारतो. हवा जवळची वाट धरते आणि पार टोकाला वारा पोचतो का ते पाहायला आम्ही टांगलेली कापडाची पट्टी हलायची थांबते. ते ठोकळे मी कितीदा काढून फेकले असतील!

२ मे १९७२ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या सनशाइन या चांदीच्या खाणीत आग लागली. आत १७३ जण होते. धूर ताज्या हवेच्या वाटेत शिरला आणि कार्बन मोनॉक्साइडने ९१ माणसं गेली. या वायूला रंग नाही, वास नाही. आठवड्याने दोघे जिवंत सापडले. वरच्या लेव्हलवरून पाडलेल्या एका भोकातून त्यांच्यापर्यंत चांगली हवा येत होती.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर लेखकांनी पंख्याच्या आकड्यांबरोबर या दारांनाही थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त खाण कर्मचारी