टपाचे पापुद्रे निघाले म्हणून अख्खी गाडी रंगवू नका

महोदय,

पाऊस सरला की मुंबईतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची रांग लागते. कव्हर काढलं की टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे आणि कडेने सुटलेले पापुद्रे दिसतात. माझ्या एका शेजाऱ्यांना परवाच 'फुल बॉडी मारावी लागेल' असं सांगून चाळीस हजारांचा आकडा दिला गेला. गाडी विकायला काढली तर लाखसुद्धा येणार नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्या रंगवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवेना.

सुटतो तो बहुतेक वेळा रंग नसतोच. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा लॅकर आधी मरतो. म्हणूनच टप, बॉनेट आणि डिकी या आडव्या भागांवर पापुद्रे निघतात आणि त्याच वयाचे दरवाजे ठणठणीत राहतात. मग चांगल्या दरवाज्यांवर रंग मारायचे पैसे कशासाठी मोजायचे?

पॉलिश किंवा वॅक्सने सुटलेला पापुद्रा परत चिकटत नाही. रबिंग कंपाउंड नुसत्या निस्तेज झालेल्या रंगासाठी ठीक. पापुद्र्याच्या कडेला बफिंग मशीन लागलं तर तो आणखी उचकटतो. पापुद्र्याखाली तपकिरी ठिपके किंवा फुगलेला पत्रा दिसला तर मात्र थांबू नका. आपल्या खाऱ्या हवेत गंज फार लवकर पसरतो. तेवढी जागा स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासून त्याच दिवशी प्रायमर मारा.

खरी मेहनत घासण्यात आहे आणि ती घरच्या घरी होते. गाडी धुऊन काचा-रबरांना मास्किंग टेप लावा. ४०० नंबरचा पाणीपेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, रबरी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर पत्र्यावर खाचा उमटतात. पाणी सोडत घासताना पांढरं, दुधासारखं पाणी निघतंय तोवर लॅकर कापला जातोय असं समजा. त्यात गाडीचा रंग उतरू लागला की तिथे हात थांबवा. डोळे मिटून बोट फिरवल्यावर सुटलेल्या थराची कड लागली नाही, म्हणजे ती मिटली. मग ८०० नंबरचा हात. पेपर, टेप, ठोकळा हे सगळं काही शेकड्यांत येतं.

फवारणी मात्र गॅरेजमध्येच करून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, घातलेल्या टिकाऊ लॅकरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक आहे आणि कापडी मास्कने अडत नाही. घासून तयार केलेला एकच भाग नेलात तर मजुरीवर घासाघीस करता येते. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो, तो लिहून न्या. पण जुना रंग उन्हाने उतरलेला असतो, तेव्हा आधी पुठ्ठ्यावर मारून तो गाडीशेजारी धरून बघा. लॅकर भागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मारायला सांगा. मध्येच थांबवला तर जोड दिसतो आणि पुढे तिथूनच पुन्हा सुटतो.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. दमट हवेत थरात ओल अडकून लॅकर दुधाळ होतो. पावसाळ्यात घाई करून केलेली कितीतरी कामं मी परत घासली आहेत. ओल्या गाडीवर कव्हर घालणं टाळा आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढा. रंग तोच ठेवणार असाल तर आरटीओचा प्रश्न येत नाही, बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

गॅरेजमालकांना, म्हणजे माझ्याच बिरादरीला, एक विनंती आहे. टप, बॉनेट, डिकी, दरवाजा असे भागांनुसार दर लिहून दर्शनी भागी लावा. आणि 'फुल बॉडी' म्हणण्याआधी कुठला भाग खरोखर सुटलाय, तो गिऱ्हाइकाला हात लावून दाखवा.

– एक निवृत्त गाडी-रंगारी, भांडुप